तिआऊ नदीपलीकडून आलेली माणसं आणि आपली मंडळी

१ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता हातात घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत चिन प्रांतातली माणसं सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून मिझोराममध्ये येऊ लागली. १० मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं: हा लोंढा थांबवा, कुणाला निर्वासित ठरवण्याचा अधिकार राज्यांना नाही, निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. कायद्याने पाहिलं तर पत्रात चुकीचं काही नव्हतं. तरी आठ-दहा दिवसांतच मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी पंतप्रधानांना कळवलं की ही आमच्याच वंशाची माणसं आहेत, मिझोराम डोळे मिटून बसू शकत नाही. शेजारच्या मणिपूरने त्याच महिन्यात छावण्या उघडू नका, अन्न-निवारा देऊ नका, असा आदेश काढला. लोक इतके चिडले की तीन दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

पण मला मुख्यमंत्र्यांच्या पत्रापेक्षा तिथली गावं मोठी वाटतात. झोखावथार, चंफाई, फारकॉन. सरकारी मदतीची वाट न बघता गावकऱ्यांनी बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या केल्या. तांदूळ, भाजी, सरपण, अंथरूण-पांघरूण गोळा केलं. चर्च, महिला संघ आणि ‘यंग मिझो असोसिएशन’ या मिझोंच्या मोठ्या सामाजिक संघटनेची गावोगावची माणसं यात होती. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षण खात्याने या मुलांना शाळेत घ्या असं कळवलं. २०११ च्या जनगणनेत मिझोरामची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत आहे. एवढ्याशा राज्यात म्यानमारमधून तीस हजारांहून जास्त माणसं आली. २०२२ च्या अखेरीपासून बांगलादेशातले, मिझोंच्याच नात्यातले बॉम लोक आले. मे २०२३ मध्ये मैतेई आणि कुकी-झो समाजांतल्या हिंसाचाराने मणिपूर पेटलं आणि तिथून कुकी-झो कुटुंबं आली, तीही हजारोंनी. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदललं, लालदुहोमा मुख्यमंत्री झाले, पण दार बंद झालं नाही.

हे एकाएकी जमत नाही. मिझो ख्रिस्ती घरांत १९१० पासूनची एक रीत आहे, ‘बुहफाई थाम’. प्रत्येक वेळी भात रांधण्याआधी घरातली बाई मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवते, आणि मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, बाया तो घरोघर फिरून गोळा करतात. गरिबातली गरीब बाईसुद्धा देणारी असते. दिवसातून दोनदा दुसऱ्याचा वाटा बाजूला काढायची ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे, त्या घराला दारात अनोळखी कुटुंब उभं राहिल्यावर सभा बोलवावी लागत नाही. आपल्याकडे मंडळीची मदत म्हणजे नाताळाच्या आधी एक दिवस वाटलेली ब्लँकेटं, पाळकसाहेबांची प्रार्थना आणि फोटो. ब्लँकेटं वाटणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. पण त्याला मी पाहुणचार म्हणणार नाही. पाहुणा मुक्कामाला राहतो आणि घरातल्यांची अडचण होते.

मिझो लोकांना आठवणही आहे. मार्च १९६६ मध्ये मिझो बंडाच्या वेळी राजधानी ऐजॉलवर आपल्याच हवाई दलाने बाँब टाकले, त्यानंतर गावंच्या गावं हलवून लष्कराच्या देखरेखीखाली वसवली गेली. त्या काळात कितीतरी मिझो माणसं ब्रह्मदेशातल्या चिन टेकड्यांमध्ये आसऱ्याला गेली होती.

आता जो प्रश्न मला स्वतःला छळतो, तो मांडते. ही माणसं मिझोंच्याच नात्यातली, भाषा जवळची, धर्म तोच. मग हा ख्रिस्ती पाहुणचार की भाऊबंदकीचं प्रेम? कारण याच मिझोराममधून १९९७ साली ब्रू म्हणजे रियांग लोकांना जीव मुठीत धरून त्रिपुरात पळावं लागलं. वीस-बावीस वर्षं ते छावण्यांत राहिले, आणि जानेवारी २०२० मध्ये करार झाला तोही त्यांना त्रिपुरातच वसवण्याचा. २००३ मध्ये एका चिन माणसावर बलात्काराचा आरोप झाला तेव्हा मिझोराममधल्या सगळ्याच चिन लोकांना निघून जायला सांगण्यात आलं. तेही नात्यातलेच होते. आताही काही गावांनी निर्वासितांच्या फिरण्यावर आणि धंद्यावर बंधनं घातली आहेत. सीमेवरून अमली पदार्थ येतात हेही खरं आहे, आणि त्या गावांची काळजी खोटी नाही. माणसं थकतात.

तरीही ‘नात्यातल्यांनाच घेतलं, त्यात काय मोठं?’ असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. आपण नात्यातल्यांनाही कुठे घेतो? मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू येशू परक्याला घरात घेण्याबद्दल बोलतो, तिथे परक्याची जात, भाषा, कागदपत्रं विचारलेली नाहीत. आणि तो स्वतः बाळ असताना हेरोद राजाच्या तलवारीपुढून मिसर देशात नेला गेला. आपल्या नाताळच्या नाटकात पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, बाळापुढे सोनं, ऊद, गंधरस ठेवतात आणि पडदा पडतो. रात्रीतून पळालेलं ते कुटुंब आपण मुलांना दाखवतच नाही. मिसरमध्ये कुणीतरी त्यांना ओसरी दिली असेल, आणि ते कदाचित यहुदी नसतीलही.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हे शिकायला लांब जायची गरज नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणल्या. बोली वेगळी, जाती वेगळ्या, अंगावर रोग. केडगावला त्यांच्यासाठी विहिरी खोदल्या, शेती केली, उद्योग शिकवले. रमाबाईंचा फोटो आपल्या हॉलमध्ये असतो. त्यांचं घर माणसांनी किती भरलेलं होतं, हे आपण विसरलो.

म्हणून आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीपुढे, मी दोन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत. यंदाच्या कापणीच्या सणाच्या अर्पणातला अर्धा भाग मिझोराममधल्या छावण्यांसाठी द्यावा, मग ती माणसं कुठल्याही धर्माची असोत. आणि पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूरच्या मुलामुलींना, ज्यांची गावाकडची घरं जळाली आहेत, सुट्टीत जायला ठिकाण नाही, त्यांना आपापल्या घरी ठेवून घ्यावं. हॉलमध्ये गाद्या टाकून नाही, घरी. आपल्या ताटात जे असेल ते जेवायला. कुकी असो वा मैतेई, दोघांनाही. पहिल्या मुद्द्यावर सगळे हो म्हणाले. दुसऱ्यावर चर्चा पुढच्या बैठकीवर गेली आहे. आमच्या घरातली मागची खोली मात्र आम्ही रिकामी केली आहे.

पुणे, नगर, मुंबईच्या मंडळ्यांमध्ये कुणी असं आधी केलं असेल, किंवा मिझोराममधल्या एखाद्या चर्चशी कुणाचा थेट संपर्क असेल, तर कृपा करून इथे लिहा. पैसे योग्य हातात कसे पोचवायचे आणि मुलांच्या घरच्यांशी आधी कसं बोलायचं, हे मला बैठकीच्या आत कळायला हवं आहे.