आंब्याचा मोसम आणि राष्ट्रकार्य

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे मतदान केंद्रावर काम करायला लोक आपणहून नाव देतात, बहुतेक ठिकाणी दिवसाचा मेहनतानाही मिळतो, असं त्याने फोनवर सांगितलं. मी ते ऑफिसात सांगितलं, तर सगळे डबे बाजूला ठेवून हसले. आमच्याकडे नाव द्यावं लागत नाही, ते आधीच गेलेलं असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १५९ व्या कलमाने कचेरीने कर्मचाऱ्यांची यादी धाडायची, संगणकाने सरमिसळ करायची आणि आपण ऑर्डरवर सही करायची. त्या दिवसांत सिंधुदुर्गात “ऑर्डर इली?” हे, “ताप उतरलो?” असं विचारावं त्या आवाजात विचारतात.

२०२४ च्या लोकसभेचं आमचं मतदान ७ मे रोजी होतं. ७ मे म्हणजे काय ते कोकणात सांगायला नको. हापूस ऐन भरात, चाकरमानी गावात, विहिरी तळाला. माझ्या मेव्हण्याची देवगडला बाग आहे. दर मे महिन्यात मी तिथे पाहुणा म्हणून जातो आणि पहाटेपासून पेट्या भरतो. गवत अंथरायचं, आंबे लावायचे, फळ्या ठोकायच्या, टेम्पोत चढवायच्या. मजुरी म्हणून डागी आंबे मिळतात, तेही “भावोजी, तुमका आवडतत म्हणान” असं सांगून. त्यात त्या वर्षी सासरी सत्यनारायण होता आणि मुंबईहून पाहुणे येणार होते. त्यांच्यासाठी विहिरीवरून पाणी कोण ओढणार, हेही ठरलेलं होतं.

अशा वेळी मला मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष म्हणून ऑर्डर आली. आमच्या शिपायाने सगळ्यांच्या ड्यूट्या रद्द व्हाव्यात म्हणून ग्रामदेवतेला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. बाकीचे जोरात “व्हय महाराजा” म्हणत होते. मी नुसते ओठ हलवले.

पण घरी हे सांगणार कसं? बायकोने मला ड्यूटी रद्द करायला पाठवलं. रांग कचेरीच्या जिन्यापर्यंत आली होती. कंबरेचा पट्टा शर्टावरून बांधलेले होते, गोळ्यांची आख्खी पिशवी आणलेले होते. ज्यांच्या मणक्यात गॅप होती तेच मधल्या गॅपमध्ये सगळ्यात चपळाईने शिरत होते. एक ताई आठव्या महिन्यात होत्या. त्यांचा अर्ज दोन मिनिटांत मंजूर झाला आणि मागच्या चार पुरुषांनी त्यांच्याकडे हेव्याने पाहिलं. तसं पाहिलं तर निवडणुकीच्या कामात कसूर केली तर त्याच कायद्याच्या १३४ व्या कलमात दंड पाचशे रुपयांपर्यंतच आहे. मोसमाच्या सुरुवातीला पाचशेत हापूसचं डझनही येत नाही. लोक घाबरतात ते निलंबनाला.

माझा नंबर आला.

“कारण?”

“सासरी सत्यनारायण आहे,” मी शक्य तितक्या पुसट आवाजात म्हणालो.

“सत्यनारायण पुढच्या आठवड्यात घालता येतो. मतदान नाही.”

मी चेहरा पाडला. जरा जास्तच पडला असावा, कारण मागच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

मेव्हण्याचा फोन आला. “मगे पेटये कोण भरतलो?”

“देशाचं काम आहे,” मी म्हणालो. सासरच्या कुणाशी बोलताना क्रिकेट सोडून देश हा विषय मी पहिल्यांदाच काढला होता.

आमचं केंद्र खाडीकाठच्या शाळेत होतं. आदल्या दिवशी मशीन, मताची चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट, पाकिटांचे गठ्ठे घेऊन एसटीने पोचलो. रात्री पोलीस पाटलांकडून बांगड्याचं तिखलं आणि भात आला. मच्छर सोडले तर सासरपेक्षा बडदास्त बरी होती.

मतदान सातला, म्हणून साडेपाचला अभिरूप मतदान. उमेदवारांच्या एजंटांसमोर किमान पन्नास मतं टाकायची, मोजायची, चिठ्ठ्यांशी ताडून पाहायची आणि मग मशीन क्लिअर करायचं. हे क्लिअर विसरलेल्या केंद्राध्यक्षांच्या गोष्टी प्रशिक्षणात भुताच्या गोष्टींसारख्या सांगतात. एका एजंटाचा उमेदवार त्या लुटुपुटूच्या मतांत पडला. “हेका अपशकून म्हणतत,” असं म्हणून तो दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

एक आजी मत देऊन पुन्हा माझ्या टेबलाशी आल्या. “चिठी दिसली आणि भुतूर पडली. माका दिल्यानीच नाय!” ती सात सेकंदच दिसते, घरी न्यायची नसते, हे मी समजावलं. “मगे घो इचारीत, तेका काय दाखवू?” मी शाईचं बोट दाखवायला सांगितलं.

संध्याकाळी सहाला दार लावलं, क्लोज बटण दाबलं, आणि रजिस्टर नि मशीन यांत एका मताचा फरक निघाला. सासरी पेटीत एक आंबा कमी गेला तर मी कधी मागे वळून पाहिलं नाही. इथे मात्र मला दरदरून घाम फुटला. आम्ही चौघांनी रजिस्टरची पानं उलटसुलट चाळली. एजंट घरी जायची घाई करत होते. त्यांना मी खेकसून बसवलं. शेवटी तिसऱ्या मतदान अधिकाऱ्याला आठवलं: दुपारी एक गृहस्थ सही करून, शाई लावून घेऊन “माझा मन नाय” म्हणत निघून गेले होते. नियमात तीही सोय आहे, फक्त शेरा लिहायचा राहिला होता. तो लिहिला, मतांच्या हिशोबाच्या नमुना १७-क च्या प्रती एजंटांना दिल्या आणि मी शाळेच्या पायरीवर बसून चक्क दोन कप चहा प्यायलो.

साहित्य जमा करायच्या रांगेत मध्यरात्र उलटली. आमची पाकिटं पहिल्या फटक्यात पास झाली. तिथले साहेब म्हणाले, “तुम्ही मनापासून काम केलेलं दिसतं.” सरकारी नोकरीत यापेक्षा धोक्याचं वाक्य नाही.

विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला. बागेत काम नाही, सासरी पाहुणे नाहीत, जत्रा सुरू झालेल्या आणि रात्रभर दशावतार. ऑर्डर आलीच. या वेळी मी बायकोने न पाठवता रांगेत उभा राहिलो.

“कारण?”

“पाठ.”

साहेबांनी वर पाहिलं. “लोकसभेला घरचा सत्यनारायण टाकून आलेले तुम्हीच ना? अहो, तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत.” आणि माझा अर्ज त्यांनी अगदी आदराने मला परत दिला.

रात्री मेव्हण्याचा फोन आला. तो जत्रेत होता. मागे पेटी-मृदुंग चालू होता.

“भावोजी, आमी तुमका जागा धरून ठेवलेली. पण मी सगळ्यांका सांगितलंय, तेंका बोलवू नकात. देशाचा काम आसा.”