कोणते ‘आपण’?

महाविद्यालयाच्या कॅन्टीनसमोरच्या कडुनिंबाच्या खोडाला ती सूचना लागली, त्याला आता आठवडा होत आला. सर्वांनी ती वाचलेली असल्यामुळे येथे पुन्हा उतरवण्यात अर्थ नाही. मात्र आवारात सर्वांनी शुद्ध बोलावे, असे बजावणाऱ्या त्या कागदावर ‘शुद्ध’ हा शब्द ‘शुध्द’ असा छापलेला आहे, एवढे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

वाद सुरू केला तो अर्थातच प्रमोदने. स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत दोन वर्षे काढून तो परतला, तेव्हा पद मिळाले नव्हते, पण ‘बघूयात’ हा शब्द मिळाला होता, आणि तेव्हापासून तो कट्ट्यावर बसण्यापूर्वी रुमालाने पार पुसून घेतो. सूचना योग्यच आहे, आपली पोरे एकमेकांना ‘बे’ म्हणतात म्हणूनच मागे राहतात, असे त्याने चहा येण्यापूर्वीच जाहीर करून टाकले. त्यावर विलास जे बोलला ते मी येथे प्रमाण मराठीत उतरवतो आहे, आणि त्याबद्दल तो मला क्षमा करणार नाही. पण लिहायला बसले की माझा हात आपोआप शाळेत जाऊन बसतो, त्याला इलाज नाही. विलासचे म्हणणे असे होते की, ‘बे’ हा शब्द अनोळखी माणसाला कोणी वापरत नाही. तो वापरण्याइतकी जवळीक व्हायला एक सत्र तरी जावे लागते, आणि ज्या दिवशी समोरचा पहिल्यांदा ‘काय करून रायला बे’ असे विचारतो, त्या दिवशी वसतिगृहातल्या नव्या पोराला आपण येथे टिकणार हे कळते.

प्रमोदने नेमके ‘करून रायला’ पकडले. हे मराठीच नव्हे, हा हिंदीचा उष्टा घास आहे, असे तो म्हणाला. येथे मला बोलणे भाग पडले. आपला वऱ्हाडचा मुलूख १९५६ पर्यंत हिंदी बोलणाऱ्या जिल्ह्यांसोबत एकाच राज्यात होता, नागपूर त्याची राजधानी होती, कचेरी आणि बाजार दोन्ही भाषांत चालत. तेव्हा शेजारणीची वाटी घरात राहून गेली तर ती चोरीची कशी ठरते, असे मी विचारले. शिवाय ज्या सूचनेवर हा वाद चालला आहे, तिच्यात ‘कॅन्टीन’, ‘मोबाइल’ आणि ‘हजर’ हे शब्द आहेतच. इंग्रजी आणि अरबी-फारसीचे शब्द शुद्ध, आणि वऱ्हाडातले तेवढे अशुद्ध, हा न्याय मला अद्याप कळलेला नाही.

विलासने याच्याही पुढे जाऊन रिद्धपूर काढले. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे लीळाचरित्र आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या या गावी लिहिले गेले, मराठी भाषा विद्यापीठ २०२४ साली तेथेच सुरू झाले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आणि आम्हालाच शुद्ध बोलायला सांगता काय, असा त्याचा सवाल होता. सवाल बिनतोड आहे. फक्त विलास रिद्धपूर कशासाठीही काढतो. मागच्या महिन्यात एसटी उशिरा आली तेव्हाही त्याने काढले होते, आणि त्याने एकही लीळा वाचलेली नाही हे मला ठाऊक आहे.

एवढ्यात प्रमोदच्याच फोनवर प्रशांतचा आवाज आला. आम्ही तासाभरापासून त्याची वाट पाहत होतो. स्पीकर सुरू असल्यामुळे ‘निंघालोच, येऊन रायलो ना’ हे त्याचे वाक्य आणि त्याच्यामागे ‘आधी आंघोळ तं कर’ हे त्याच्या आईचे वाक्य, दोन्ही कट्ट्याने एकाच वेळी ऐकले. ‘येऊन रायलो’ याचा अर्थ ‘अजून निघालो नाही’ असा होतो, हे बाहेरच्या माणसाला व्याकरणातून कळत नाही. त्यासाठी येथे राहून दोन-चार वेळा फसावे लागते. त्या प्रसंगी प्रमोदही हसला, आणि हसता हसता ‘हे पोट्टं सुधरत नाही’ असे अगदी नितळ वऱ्हाडीत बोलून गेला. विलासने घड्याळ पाहून वेळ नोंदवली.

आतापर्यंत फुलमती गप्प होती. ती धारणी तालुक्यातली, घरी कोरकू बोलणारी, आश्रमशाळेत शिकून येथे आलेली. तिच्याकडे वळून प्रमोदने आपला हुकमी एक्का टाकला: “ही बघा. मेळघाटातून आलीये, पण तुमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध बोलते.”

फुलमतीने चहाचा ग्लास खाली ठेवला. ती म्हणाली, “मी मराठी पुस्तकातून शिकले. तुमच्यासारखी आईकडून शिकले असते, तर मीही अशुद्धच बोलले असते.”

यावर काही काळ कोणी बोलले नाही. मग तिनेच पहिल्या वर्षीची गोष्ट सांगितली, जी आम्हांपैकी कोणालाही माहीत नव्हती. कॅन्टीनवर पहिल्या दिवशी तिने पुस्तकात शिकवल्याप्रमाणे ‘कृपया मला एक कप चहा द्यावा’ असे म्हटले होते. बाबारावची कढईतली पळी थांबली, बाकावरची पोरे गप्प झाली, आणि बाबाराव तिला कोणी तपासणीला आलेली बाई समजून बशीसकट चहा घेऊन स्वतः काउंटरच्या बाहेर आला. कॅन्टीनमध्ये बशी आहे हे त्या दिवशी अनेकांना प्रथम कळले. त्यानंतर सहा महिने ती तेथे फिरकलीच नाही. वर्गात ती काही बोलत नसे म्हणून सरांना ती हुशार वाटली आणि त्याच कारणाने मुलींना घमेंडी वाटली. खरे म्हणजे प्रत्येक वाक्य आधी मनातल्या मनात तपासून घेता घेता बोलण्याची वेळ निघून जात असे. आता ती येते, एक बोट वर करते आणि ‘बाबाराव, हाफ’ एवढेच म्हणते. बशी येत नाही. खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचा तो किंचित खारट चहा तिला आता आवडू लागला आहे, असेही ती म्हणाली. या एका गोष्टीवर मात्र माझा विश्वास बसला नाही.

प्रमोद इतक्या सहज हार मानणाऱ्यांतला नाही. मुलाखतीच्या मंडळापुढे ‘मले’ आणि ‘तुले’ चालत नाही, हे तरी मान्य करा, असे तो म्हणाला. हे मला मान्य करावे लागले आणि विलासनेही, नाइलाजाने का होईना, मान डोलावली. फुलमतीने मात्र विचारले, “मुलाखत किती वेळाची असते?” प्रमोदने अर्धा तास सांगितला. “मग त्या अर्ध्या तासासाठी तीन वर्षे चहा पितानाही भ्यायचे का?”

तिचे बोलणे ऐकताना मला आमचा वर्गाचा व्हॉट्सॲप गट आठवला. विलास आम्हाला चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप पाठवतो. त्यांत तुरीचा भाव, त्याच्या काकांचे भांडण आणि एखाद्या कवितेचा अर्थ असे सगळे एका दमात येते, आणि कवितेचा अर्थ बहुधा सरांपेक्षा बरा असतो. त्याच विलासला सर गटावर त्याच कवितेविषयी विचारतात तेव्हा तो ‘ओके सर’ असे लिहितो. गेल्या पंधरवड्यात सरांनी एका कवितेवर मते मागितली, तर बावीस ‘ओके सर’ आणि हात जोडलेली अनेक चित्रे आली. अशा मुलांना स्वतःचे मतच नसते, असे सर दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले. मते होती, ती चुकीच्या ‘ण’सह उच्चारली जातील या धाकाने गटाबाहेर उभी होती. मी हे कट्ट्यावर बोलून दाखवले, तेव्हा विलास प्रथमच काही न बोलता चहात पाहत राहिला.

तो नुसता कवितेचा विषय नव्हता, हे माझ्या उशिरा लक्षात आले. तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनात वक्तृत्व स्पर्धेत विलास शेतकऱ्याच्या कर्जावर बोलला होता आणि सभागृह स्तब्ध झाले होते. परीक्षकांनी ‘विषय उत्तम, उच्चार सदोष’ असा शेरा देऊन त्याला उत्तेजनार्थ ठेवले आणि पहिले बक्षीस प्रमोदला दिले, ज्याने पाणी वाचवण्यावर बोलताना अर्धा जग पाणी पिऊन टाकले होते. बक्षीस म्हणजे एक पेन होते. ते पेन अजून प्रमोदच्या खिशाला असते, आणि त्या दिवशीही होते.

विलासने पेनाकडे पाहिले आणि सूड उगवला. प्रमोद पुण्यात पहिल्याच दिवशी भाजीवालीकडे गेला आणि ‘दहा रुपयांचा सांभार द्या’ असे म्हणाला, तेव्हा त्या बाईने त्याला समोरच्या इडलीच्या हॉटेलचा रस्ता दाखवला, ही हकिगत प्रमोदने आम्हाला कधीच सांगितली नव्हती. ती त्याच्या खोलीतल्या जोडीदाराकडून इकडे पोहोचली होती. प्रमोद लाल झाला. तो म्हणाला की, मी कोथिंबीरच म्हणणार होतो, पण भुकेत तोंडातून निघून गेले. ‘भुकेच्या वेळी जे निघते तेच शुद्ध बे,’ असे विलास म्हणाला, आणि बाबारावने आतून ‘हाव ना’ अशी साथ दिली.

उठताना प्रमोदने समेटाच्या सुरात, दोन्ही हात पसरून म्हटले, “जाऊ द्या, आजचा चहा आपण देऊ.”

फुलमतीने पिशवी खांद्याला लावता लावता विचारले, “कोणते आपण?” मग तिने समजावून सांगितले की, तिच्या भाषेत ‘आपण दोघे’ यासाठी एक शब्द आहे, ‘आपण सगळे’ यासाठी दुसरा, आणि ‘तुम्हाला सोडून आम्ही’ यासाठी आणखी वेगळे, त्यामुळे पैसे कोण देणार हा प्रश्न तिच्या गावी वाक्य संपायच्या आतच सुटतो. मराठीत निदान ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद तरी आहे, असे मी भाषेच्या विद्यार्थ्याला शोभेल अशा स्वरात सांगू लागलो, पण तोवर प्रमोदने ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ असा अर्थ काढून विलासकडे बोट दाखवले होते, आणि विलासने ‘आपण’ म्हणजे बोलणारा स्वतः, असे सांगून ते बोट पुन्हा प्रमोदकडे वळवले होते.

त्या गडबडीत आंघोळ केलेला, केसांतून पाणी निथळणारा प्रशांत फाटकातून आत आला आणि त्याने एक चहा सांगितला. बाबारावने वही उघडली, कानामागची पेन्सिल काढली, आणि कोणाला काही न विचारता सगळे चहा माझ्या नावावर लिहिले.