चिमणी पाडली, ठीक. पण कुणी येऊन सांगितलं का?

गेल्या उन्हाळ्यात घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाने सोलापूरचा एक व्हिडिओ टाकला. एका कार्यालयाच्या दारात बायका रिकाम्या घागरी आपटत होत्या, कुणीतरी घोषणा सांगत होतं, आणि गेटच्या आत दोन पोलीस सावली धरून उभे होते. खाली दादाचा प्रश्न : "आता ह्यांना कसं हाताळायचं, सांग की. तुमच्याकडे जर्मनीत काय करतात?" आत्येभावाने लिहिलं, कामधंदा नाही ह्यांना, दोन तास गाड्या तुंबल्या. वहिनीने लिहिलं, आपल्याकडेही पाचव्या दिवशी पाणी आलं. मी त्या दिवशी काहीच लिहिलं नाही. दादाला द्यायचं उत्तर आज लिहिते आहे.

मी बारा वर्षं श्टुटगार्टमध्ये राहते. "तिकडे बसून शिकवू नका" हे मला ऐकवलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पाण्यासाठी रात्री दोनला उठायचं काम माझी वहिनी करते, मी नाही. उजनी धरण शंभर-सव्वाशे किलोमीटरवर भरलेलं असतानाही शहराने चार-चार, पाच-पाच दिवस नळाची वाट पाहिली, हे मी फोनवर ऐकते. तरीही सोलापूर माझं गाव आहे, आणि तिथला माणूस रस्त्यावर उतरतो तेव्हा त्याच्याशी कसं वागलं जातं, याबद्दल मला मनापासून काही म्हणायचं आहे.

दादाने वापरलेल्या "हाताळणं" या शब्दापासूनच सुरुवात करते. आपल्याकडे आंदोलन हाताळायचं असतं, मिटवायचं असतं, गुंडाळायचं असतं. त्याला उत्तर द्यायचं असतं, असं क्वचितच कुणी म्हणतं. त्याची वाटही ठरलेली आहे. जिल्हा परिषदेच्या पूनम गेटला मांडव पडतो, सतरंजी येते, घोषणा होतात, मग पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं. साहेब निवेदन घेतात, फोटो निघतो, आवक विभागाचा शिक्का बसतो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते : निवेदन स्वीकारले. त्या निवेदनाचं पुढे काय झालं, याची बातमी मी तरी अजून वाचलेली नाही. आणि लोकांचं मत कशावर बनतं? रस्ता किती वेळात मोकळा झाला, यावर. लवकर मोकळा झाला की साहेब चांगले.

माझ्या घरात हे सगळं चिमणीच्या वेळी उघडं पडलं. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी, नव्वद मीटरच्या आसपास उंच, होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या उड्डाणाच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं नोटिसा, सुनावण्या, न्यायालयं चालली. शहरातली मंडळी विमानसेवेसाठी चक्री उपोषणाला बसली. कारखान्याच्या बाजूने सभासद शेतकरी आणि कामगार उतरले. दादा पहिल्या मांडवात जाऊन बसला. वळसंगकडे चार एकर ऊस असलेले, कारखान्याचे सभासद असलेले आमचे काका दुसऱ्या बाजूला होते. ग्रुपवर दोघांचं बोलणं बंद झालं. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा वेगवेगळ्या आल्या.

१५ जून २०२३ ला, जमावबंदी लावून आणि मोठा बंदोबस्त ठेवून, ती चिमणी स्फोटकांनी पाडली. काही सेकंदांत आडवी झाली. तो व्हिडिओ मी इथे ऑफिसच्या जिन्यात उभी राहून पाहिला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. मुंबईला उतरून, सामान ओढत सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठायची आणि पहाटे सोलापूर, हा प्रवास मी लहान मुलाला घेऊन केलेला आहे. आयटीवाली मुलं पुण्याहून परत येत नाहीत, उद्योग येत नाही, हे दादाचं म्हणणं मला पटतं. म्हणून काकांना फोन केला तेव्हा त्यांची समजूत घालायची, असंच ठरवलेलं होतं.

काका म्हणाले, "चिमणी पाडली, ठीक. वाटेत होती तर होती. पण आमाला कुणी येऊन सांगितलं का? माझा ऊस पुढच्या हंगामात कुठं जायचा, कुणी बसवून सांगितलं का? मी निवेदन दिलतं की."

निवेदन खरंच दिलं होतं. शिक्क्याची प्रत त्यांनी मला पाठवली. गाळपाचं काय, उशीर झाल्यास उसाचं वजन घटेल ते कोण भरून देणार, असे साधे चार प्रश्न होते. त्यांना एका ओळीचंही उत्तर आलेलं नव्हतं. "तुमची मागणी मान्य करता येत नाही" एवढंसुद्धा नाही. चिमणीनंतर दोन वर्षांनी, ९ जून २०२५ ला, सोलापूरहून गोव्याचं विमान उडालं. दादा बघायला गेला होता. काकांना त्या विमानाचा राग नाही. पण त्या कागदाचा विषय निघाला की ते अजून गप्प होतात.

श्टुटगार्टमध्येही एका मोठ्या प्रकल्पाने घरं अशीच फोडली. रेल्वे स्टेशन जमिनीखाली न्यायचं, रुळांची जागा शहराला मिळणार, त्यासाठी जुन्या बागेतली झाडं तोडायची. २००७ मध्ये साठ हजारांहून अधिक लोकांनी सह्या करून शहरापुरतं सार्वमत मागितलं. नगर परिषदेने ते नियमात बसत नाही म्हणून फेटाळलं. मग लोक रस्त्यावर आले, दर सोमवारी यायला लागले. ३० सप्टेंबर २०१० ला पोलिसांनी त्या बागेत पाण्याच्या तोफा वापरल्या. शाळेची मुलं होती, म्हातारी माणसं होती. शंभरावर लोक जखमी झाले, एका निवृत्त अभियंत्याची दृष्टी जवळजवळ गेली. हे जर्मनीत घडलं, आणि दादा, हे तुला आधी सांगते, कारण इकडे सगळं शिस्तीत चालतं असं तुम्हाला वाटतं.

महत्त्वाचं पुढे घडलं. हायनर गाइसलर या, सत्तेतल्याच पक्षाच्या जुन्या नेत्याला मध्यस्थ नेमलं. सरकार, रेल्वे आणि विरोधक एका टेबलाला बसले, आणि ती चर्चा टीव्हीवर थेट दाखवली. तासन् तास बोगदे, फलाट, गाड्यांच्या वेळा, भूजल यांवर. जे अधिकारी आधी "तांत्रिक बाब आहे" म्हणून बोलणं संपवायचे, त्यांना आकडे घेऊन सामान्य माणसासमोर बसावं लागलं. मार्च २०११ च्या निवडणुकीत जवळपास अठ्ठावन्न वर्षं राज्य करणारा पक्ष सत्तेबाहेर गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यभर सार्वमत झालं, आणि विरोधक हरले. सुमारे एकोणसाठ टक्के लोकांनी राज्याने प्रकल्पातून बाहेर पडू नये, असा कौल दिला. खुद्द श्टुटगार्ट शहरानेही थोड्या फरकाने तेच म्हटलं. आणि २०१५ मध्ये न्यायालयाने त्या दिवसाची पोलीस कारवाई बेकायदा ठरवली.

माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिका त्या विरोधकांपैकी. हरल्यानंतरही त्या सोमवारी जात राहिल्या. त्यांच्या कपाटात एक फाइल आहे. सार्वमताआधी घरोघरी आलेली, दोन्ही बाजू छापलेली पुस्तिका त्यात आहे. त्यांनी शहराला लिहिलेली पत्रं आणि प्रत्येकाखाली आलेलं उत्तर आहे. बरीच उत्तरं कोरडी आहेत, एकदोन तर उद्धटच. पण प्रत्येकावर सही आहे आणि कारण आहे. पुढे खर्च साडेचार अब्ज युरोवरून अकरा अब्जांच्या वर गेला, २०१९ ला व्हायचं स्टेशन रखडलं, तेव्हा त्यांना फाइल उघडून दाखवता आलं, की आम्ही हे विचारलं होतं आणि तुम्ही हे उत्तर दिलं होतं. काकांच्या हातात फक्त स्वतःचे प्रश्न आहेत.

इकडे मोर्चासाठी परवानगी मागावी लागत नाही, कळवावं लागतं, जाहीर करण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी. मनाई करायची तर लेखी, कारण देऊन. साध्या सरकारी नकाराच्या कागदाखालीसुद्धा सहसा छापलेलं असतं, की याविरुद्ध कुठे आणि किती दिवसांत दाद मागता येईल. सोलापुरात मनाई आदेश पंधरा दिवसांचा निघतो, संपला की पुढचा. तो रोजचाच झाल्यामुळे कुणी वाचतही नाही. मात्र कुणी बसलं की तेवढाच आदेश पुरतो गुन्हा दाखल करायला. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीवर कॉलेजात फीच्या आंदोलनात असा गुन्हा झाला. दहा वर्षांनी तिचा पासपोर्ट त्यावर अडला. तिने त्या दिवशी फक्त बोर्ड धरला होता. ती आता आपल्या मुलीला कुठल्याच मोर्चाला जाऊ देत नाही, आणि मला तिला काही म्हणता येत नाही.

इकडेही सगळ्यांना एक माप नाही. जानेवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून रस्ते अडवले, तेव्हा माझ्या ऑफिसात सहानुभूती होती. त्याच्या आदल्या वर्षी हवामानासाठी पोरं रस्त्याला हात चिकटवून बसली, तेव्हा हेच लोक त्यांना तुरुंगात घाला म्हणत होते. बव्हेरियात तर काहींना पुन्हा करतील म्हणून आधीच, महिनाभरासाठी, कोठडीत ठेवलं. रस्ता दोघांनी अडवला होता. आपली मंडळी कोण वाटतात, यावर मत ठरलं. आत्येभावाने घागरीवाल्या बायकांबद्दल लिहिलं, तेही याच जातीचं आहे. विमानासाठीच्या उपोषणाला त्याने लाइक दिलं होतं.

आणि सोलापूरकडे जे आहे, ते इथे नाही, हेही सांगायला हवं. तिथे नेता मांडवात येऊन सतरंजीवर बसतो. बाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन विचारतो. इथल्या महापौरांना मी बारा वर्षांत फक्त फोटोत पाहिलं. कम्युनिस्ट नेते नरसय्या आडम मास्तरांचे विडी कामगारांचे मोर्चे लहानपणी आमची शाळेची रिक्षा अडवायचे, आणि रिक्षावाले मामा वैतागून इंजिन बंद करायचे. डोक्यावर पदर घेतलेल्या, तेलुगूत आणि मराठीत घोषणा देणाऱ्या त्या बायका मला आठवतात. शहराचं मत तेव्हा त्यांच्या विरुद्धच होतं. त्यातूनच कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत झाली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्यासाठी आले. मग तीस हजार घरांचं रे नगर, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली गेली. वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांना त्या बायकांशी टेबलावर बसावं लागलं. सोलापूरला हे जमतं, याचा हा पुरावा आहे.

ज्या शहरात १९३० ला लष्करी कायदा लागला, गांधी टोपी घालणं गुन्हा ठरला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली गेली, त्या शहरात चार पुतळ्यांना हार घालून पुढच्या चौकात "आंदोलनवाले" म्हणून नाक मुरडणं मला सोसत नाही. आणि त्याच आठवड्यात आपण सिद्धेश्वरांच्या यात्रेत संमती कट्ट्यावर जमतो. तिथल्या प्रतीकात्मक लग्नात अक्षता पडायच्या आधी संमती मोठ्याने वाचतात. लाखभर माणसांसमोर.

तर दादा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून जास्त काळ शहरात नगरसेवकच नव्हते. त्या बायकांनी घागरी घेऊन जायचं तरी कुणाकडे? असं असताना रस्ता किती वेळ अडला हे मोजू नकोस. त्या निवेदनाचा आवक क्रमांक काय, पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं का, नकार असेल तर कारण काय दिलं, हे विचार. दर महिन्याला आलेली निवेदनं आणि त्यांची उत्तरं नोटीस बोर्डावर लावा, अशी मागणी तुझ्या मांडवातल्या मंडळींनी आणि काकांच्या मंडळींनी मिळून करायला काय हरकत आहे? या मागणीला विमान आणि ऊस आडवे येत नाहीत.

मी जानेवारीत येते आहे. काकांचं निवेदन त्यांनी कारखान्याच्या शेअर सर्टिफिकेटबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं आहे. त्याची झेरॉक्स काढून मी परत देणार आहे, त्याच कार्यालयात, या वेळी उत्तर मागणारं पत्र जोडून. तू बरोबर ये.