गडावर जाताना चादर विसरू नका

जुलै लागला की सोलापूरच्या माणसाच्या मोबाईलवर पुण्या-मुंबईचे नातेवाईक भिजून येऊ लागतात. धबधब्याखाली मेव्हणा, धुक्यात मेव्हणी, कांदाभज्यांच्या प्लेटमागे साडू. आपण खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर लख्ख ऊन. पंढरपूरच्या बाजूनं एखादा ढग येतो, गाडीची काच मातकट होईल एवढेच थेंब टाकतो नि पुढं जातो. वर्षभरात आपल्या वाट्याला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातही सगळ्यात जास्त सप्टेंबरात, म्हणजे मान्सूनला घरी जायचे वेध लागल्यावर. सह्याद्रीनं ढग अडवून पश्चिमेकडं पिळून घ्यायचे आणि चोथा आपल्याकडं पाठवायचा, ही फार जुनी रीत आहे.

मग पाऊस येत नसेल तर आपणच त्याच्याकडं जायचं. डोंगरावर, भर पावसात, तेही मुक्कामी. मी हरिश्चंद्रगडावर अशी एक रात्र काढून आलो आहे, त्यामुळं सल्ला द्यायचा अधिकार मला आपोआप मिळालेला आहे. तुम्ही फक्त ऐका.

पहिलं म्हणजे सराव करू नका. करायला आपल्याकडं आहे तरी काय? आपला किल्ला भुईकोट, नावातच भुई. तुळजापूरला जावं तर देवीपर्यंत पायऱ्या चढायच्या नसतात, उतरायच्या असतात. स्टेशनातला जिना हाच काय तो आपल्या गावचा घाट. तो मध्ये एकदाच थांबून चढता येत असेल तर तुमची तयारी झाली असं समजा.

तारीख ठरवताना हवामान खात्याचा अंदाज जरूर बघा. ज्या शनिवारी घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट असेल तो पक्का करून टाका. केशरी रंग आपल्याकडं शुभच मानतात. मग ग्रुप काढा, त्याला वाघ, गरुड, मावळे असं काहीतरी नाव द्या. बावीस जण 'येतो की बे' म्हणतील. आठ येतील. त्यातल्या एकाला ट्रेक आहे हे गाडीत बसल्यावर कळेल. तो देवदर्शनाच्या तयारीनं आलेला असेल.

आता सामान. इथं माझा अनुभव तुमच्या फार कामी येईल. दुकानात पोंचो, रेनकव्हर, लगेच वाळणारे कपडे, स्लीपिंग बॅग असं बरंच काही दाखवतात. घेऊ नका. सोलापूरचा माणूस पांघरूण विकत घेतो हे चारचौघांत बरं दिसत नाही. घरात जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेली चादर असताना परक्या नायलॉनमध्ये शिरायचं? मी आमच्या घरातली मोराची डबल चादर घेतली. कोरडी असताना दोनेक किलोची. सुती चादरीचा गुण असा की ती पाण्याला कधी नाही म्हणत नाही. धाग्याधाग्यात जागा करून देते. निम्म्या वाटेवर सॅकचे पट्टे खांद्यात रुतायला लागले तेव्हा मला वाटलं कुणीतरी गमतीनं आत दगड घातले. उघडून बघितलं तर मोर पोहत होता.

कपडेही सुतीच घ्या. जीन्स असेल तर फारच छान. जीन्स एकदा भिजली की दोन दिवस सोबत सोडत नाही, आणि मांडीला जे काही करते ते तुम्ही घरी आल्यावर बायकोलासुद्धा सांगत नाही. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावेत असं आमच्यातला एक जण म्हणत होता. आम्ही त्याला चिकट म्हणालो. रात्री दहा वाजता त्याच्याकडं एकच जादा बनियन होतं आणि त्याला सात गिऱ्हाईकं होती.

बूट गुळगुळीत तळाचे निवडा. गड्ड्याच्या जत्रेत घेतलेले पांढरे बूट असतील तर उत्तम, फोटोत उठून दिसतात. शेवाळलेल्या कातळावर पाऊल ठेवलं की आधी बूट जातो, मग पाय, आणि तुम्ही अजून वरच असता. बाकीचे हसायला लागेपर्यंत तुम्हीही खाली पोहोचता.

जेवणाचं मात्र आपण कुणाचं ऐकायचं नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. या जोडीनं प्रवासात माझा कधी घात केलेला नाही. महिनाभर डब्यात पडली तरी भाकरी तशीच, तोडली की कट्कन आवाज. म्हणून मोठ्या ऐटीत तीस भाकऱ्या नेल्या, कापडात बांधून. सोलापूरच्या हवेचा त्या भाकरीत किती मोठा वाटा आहे हे मला गडावर समजलं. रात्री गाठोडं सोडलं तर भाकरीची घडी झाली. दुमडली, पिळली, परत उलगडली, तुटायचं नाव नाही. चादरीसोबत टॉवेलही सोलापूरचाच प्रसिद्ध, तो खायचा योग त्या रात्री आला. शेंगाचटणीनं मात्र लाज राखली, एवढं नोंदवून ठेवतो.

प्रवासात सांगण्यासारखं काही नाही. शुक्रवारी रात्री निघायचं, टेंभुर्णीला चहा, भिगवणला चहा, पुण्याच्या पुढं नारायणगाव, ओतूर, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत चारशेहून जास्त किलोमीटर उलट्या थांबवत गडाच्या पायथ्याच्या पाचनईला पोहोचायचं. गाडीवाल्या मामांना झोपू द्यायचं नाही आणि स्वतःही झोपायचं नाही, म्हणजे चढायला सुरुवात करतानाच शरीर मोडलेलं असतं आणि गडाला वेगळे कष्ट पडत नाहीत. वाटेत उजनी धरणाचं पाणी अंधारात दिसत नाही, तरी एक जण हात जोडतोच. हरिश्चंद्रगडावर पडलेलं पाणी मुळा नदीतून प्रवरेला आणि तिथून गोदावरीला जातं, आपल्या उजनीत त्यातला थेंबही येत नाही, हे त्याला तेव्हाच सांगू नका. भीमाशंकरला गेला असतात तर निदान आपल्याच नळाचं पाणी उगमापाशी बघितलं असतं.

पाचनईत आम्ही एका घरी चहा घेतला. चुलीपुढं बसलेल्या बाबांनी ओटीवर येऊन डोंगराकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "आज वर नका जाऊ. ढग खाली बसलाय. दुपारनंतर ओढे चढतील. इथंच राहा, सकाळी बघू."

अशी माणसं प्रत्येक गडाच्या पायथ्याला भेटतात. आयुष्य त्या डोंगरात गेलेलं असतं, पावसाचा आवाज ऐकून ओढ्याला किती पाणी असेल ते सांगतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. तुम्ही मोबाईलवर अकरा व्हिडिओ बघितलेले आहेत. आमच्या ग्रुपच्या म्होरक्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आम्ही सोलापूरचे. चव्वेचाळीस अंशात राहतो आम्ही." याचा पावसाशी काय संबंध ते बाबांना कळलं नाही. मलाही अजून कळलेलं नाही. पण वाक्य जोरदार होतं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाचनईची वाट सोपी, दोन-तीन तासांची. जास्त हौस असेल तर खिरेश्वरहून तोलार खिंडीतून चढा. धुक्यात वाट चुकायची सोय तिकडं अधिक चांगली आहे. पाचनईच्या वाटेवर मधे मधे ओढे आडवे येतात. सकाळी घोट्याएवढं पाणी असतं, स्वच्छ. वर जोराची सर पडली की थोड्या वेळात तेच मांडीला येतं आणि चहासारखं होतं, तळ दिसत नाही. थांबलं तर पाऊस ओसरल्यावर ते उतरतंही. पण थांबायचं कशाला? मागून पुण्याचा ग्रुप येत असतो, त्यांच्यादेखत थांबायचं? तुमचा पाण्याचा अनुभव सिद्धेश्वर तलावाच्या काठावर भेळ खाण्यापुरता असला तरी चालेल. एकमेकांचे हात धरा, म्हणजे एकाचा पाय सुटला की सगळे बरोबर जाल. आम्ही असेच निघालो होतो. वरून उतरणारा गावातला एक पोरगा पलीकडून ओरडला, शिव्या दिल्या, थोडं वरच्या अंगाला पसरट जागेवरून आम्हाला एकेकाला काठीच्या आधारानं काढलं. चौदा-पंधरा वर्षांचा असेल. त्याच्याकडून शिव्या खाताना आमच्या म्होरक्यानं सेल्फी काढला. त्यात आपण हसतोय, पोरगा हसत नाहीये.

गडावर देऊळ आहे, हरिश्चंद्रेश्वराचं, दगडात पाहत राहावं असं. केदारेश्वराची गुहा आहे, तिच्यात पाण्यामध्ये भलं मोठं शिवलिंग, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. प्रत्येक खांब म्हणजे एक युग, शेवटचा पडला की जग बुडणार असं लोक सांगतात. पावसाळ्यात गुहेपुढूनच ओढा वाहतो, जवळ जाणं अवघड. त्यामुळं तिकडं बघण्यात वेळ घालवू नका. स्पीकर काढा. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात उभं राहून गाणी लावायची मजा वेगळीच. बिबट्या असला तर त्यालाही शनिवार आहे.

मग कोकणकडा. नालेच्या आकाराचा, आत वळलेला प्रचंड कडा, खाली थेट कोकण. वारा खालून एवढ्या जोरानं येतो की पाणी कड्यावरून पडायच्या ऐवजी वर उडतं. इथं कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला एकोणिसाव्या शतकात इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मधे स्वतःची सावली. त्याला पाठीमागं ऊन लागतं आणि समोर खाली ढग. आम्ही गेलो तेव्हा समोर ढग होता, मागं ढग होता, आणि मधे आम्ही आठ जण स्वतःचा हात शोधत होतो. चारशे किलोमीटर जाऊन मी काढलेला कोकणकड्याचा फोटो आमच्या जिन्यातल्या नुकत्याच चुना मारलेल्या भिंतीशी ताडून बघितला. भिंतीच्या फोटोत निदान पाल आहे.

तंबू याच कड्याजवळ ठोका. देवळाच्या बाजूला गुहा आहेत, गावातल्या लोकांच्या झोपड्या आहेत, तिथं पिठलं-भाकरी मिळते, हे सगळं विसरा. तंबूच्या पिशवीवर 'तीन माणसं' असं लिहिलेलं असतं. ती कुठल्या देशातली ते लिहिलेलं नसतं. आम्ही त्यात चौघं घुसलो. खुंट्या कातळात जाईनात, म्हणून दोऱ्या दगडांना बांधल्या. जागा अशी निवडली की अगदी सपाट, किंचित खोलगट, गादीसारखी. पाण्यालाही तीच आवडते. नऊच्या सुमाराला तळाखालून काहीतरी सरकलं. आधी साप वाटला, मग लक्षात आलं आपण तरंगतोय. वरून गळत नव्हतं, हे तंबूवाल्याच्या बाजूनं सांगायला हवं. चौघांचा श्वासच आतल्या कापडावर पाणी होऊन थेंबाथेंबानं नाकावर परत येत होता.

तेव्हा मी चादर काढली. एवढ्या अडचणीत गावची चादर कामाला येणार म्हणून सगळे सरसावून बसले. पिळली, झटकली, चौघांनी मिळून अंगावर ओढली. ओल्या सुताला वारा लागला की ते अंगातली ऊब कशी खेचून घेतं हे मी आता पुस्तकाशिवाय सांगू शकतो. मे महिन्यात आपण याच तत्त्वावर माठाला ओलं फडकं गुंडाळतो. त्या रात्री माठ आम्ही होतो.

इथं एक बारकावा सांगतो. थंडीनं सगळे कुडकुडत असताना ग्रुपमधला बडबड्या माणूस एकदम गप्प झाला, तर त्याला पोक्तपणा आला असं समजा. त्याची जीभ जड होऊन तो भलतंच बोलायला लागला तर विनोद म्हणून हसा. त्याचं थरथरणं थांबलं तर 'चला, ऊब आली बुवा' म्हणून कड बदला. आम्ही अगदी असंच करत होतो. देवदर्शनाला आलेला तो आमचा दोस्त दहाच्या पुढं सिद्धेश्वर एक्स्प्रेस किती नंबरच्या फलाटावर लागली ते विचारत होता, आणि आम्ही हसत होतो. जादा बनियन आणलेला चिकट माणूस मात्र उठला, त्याला दंडाला धरून अंधारात झोपडीकडं नेलं. आम्ही मागून गेलो. झोपडीतल्या मावशींनी त्याचे ओले कपडे काढायला लावले, घोंगडीत गुंडाळलं, गोड चहा घोट घोट पाजला. घोंगडी लोकरीची होती. जुनी, खरबरीत, बकरीचा वास येणारी. मी हात लावून बघितला. कडेनं ओली होती तरी उबदार. मावशींनी माझ्या हातातल्या चादरीकडं बघितलं आणि विचारलं, "ही कशाला आणली?"

मी म्हणालो, सोलापूरची आहे.

"हां," त्या म्हणाल्या, आणि ती त्यांनी दाराशी घातली. पाय पुसायला.

सकाळी खाली उतरलो तर ते बाबा ओटीवरच होते. काही बोलले नाहीत. चहाचे पैसेही कालच्याएवढेच घेतले.

परतीच्या प्रवासात आठही जणांनी फोटो टाकले, खाली 'स्वर्ग' असं लिहून. पुढच्या वेळी कळसूबाई ठरलंय. 1646 मीटर, राज्यातलं सर्वात उंच, एकदा भिजायचं तर वरूनच. घरी पोहोचलो सोमवारी पहाटे. आई दारातच म्हणाली, "काल नळ येऊन गेला. भरायला माणूस नव्हतं, माझ्यानं झाल्या तेवढ्या दोन घागरी भरल्या. आता शुक्रवारी." अंघोळ करायची होती, जीन्स धुवायची होती, चादर धुवायची होती.

आई चादर गच्चीत घेऊन गेली. दिवसभर सॅकमध्ये कोंबलेली, अजून टपटपत होती. ती न्हाणीत पिळायला निघालो तर तिनं हात धरला, खाली परात ठेवली. दोन तांबे निघालं, गढूळ, त्यात शेवाळाचा एक धागा. तिनं ते जास्वंदीला घातलं.