तयार गेमिंग पीसी: बेरजेत नेमकं काय धरायचं?

नमस्कार,

तयार गेमिंग पीसीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही खारघरहून लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वाशीच्या एका दुकानात आय5-12400एफ प्रोसेसर, आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड, 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी (फाइल साठवण्याची डिस्क) असलेला तयार पीसी सगळं धरून 72,000 ला आहे. मित्राने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेल्या कोटेशनमध्ये तेच सुटे पार्ट घेऊन 59,500 ला बसतं. म्हणजे साडेबारा हजार दुकानदाराच्या खिशात. आणि ‘सुट्या पार्ट्सच्या नुसत्या बेरजेवर जाऊ नका’ असं सांगून मी लोकांना फसवणाऱ्यांच्या तावडीत देतोय.

आरोप साधा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बेरीज करायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही जोडलेल्या फोटोत कोटेशनच्या तळाला ‘जीएसटी एक्स्ट्रा’ असं लिहिलंय. कॉम्प्युटरच्या पार्ट्सवर 18 टक्के लागतो. 59,500 चे झाले 70,210. फरक उरला 1,790 रुपयांचा. बिल न घेता हा टॅक्स वाचवता येतो असं काही जण सांगतील, पण कार्ड बंद पडलं की सर्व्हिस सेंटरला पहिल्यांदा बिलच मागतात. शिवाय तुमच्या यादीत विंडोजचं लायसन्स नाही. वाशीच्या पीसीत आहे का, तेही विचारा. ‘विंडोज टाकून देतो’ म्हणजे लायसन्स नव्हे.

दुसरी गोष्ट तारखेची. कोटेशन 2025च्या दिवाळीतलं आहे. त्यानंतरच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपला माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. डिसेंबर 2025मध्ये मायक्रॉनने तर ‘क्रूशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. त्या यादीतला रॅमचा भाव आज कोणी देणार नाही. अशा वेळी जुन्या भावात भरलेल्या मालातून जोडलेला तयार पीसी सुट्या पार्ट्सपेक्षा स्वस्त पडू शकतो. 2020-21 मध्ये कार्डांची टंचाई होती तेव्हाही हेच झालं होतं. सुटं कार्ड दुप्पट भावाने घेण्यापेक्षा अख्खा पीसी घेणं अनेकांना परवडलं.

आता मुख्य मुद्दा. एवढं लिहूनही तो वाशीचा पीसी घ्या असं मी म्हणत नाहीये. तुम्ही टाकलेल्या दुकानाच्या पाटीवर प्रोसेसर आणि कार्डचं नाव ठळक आहे. बाकी काय आहे? ‘16 जीबी रॅम’, ‘512 एसएसडी’, ‘450 वॅट एसएमपीएस’ (पार्ट्सना वीज पुरवणारा डबा), ‘गेमिंग कॅबिनेट’. कंपनी नाही, मॉडेल नाही. तुम्ही बेरीज करताना या जागी मित्राच्या यादीतले चांगले पार्ट धरलेत आणि मग दोन आकडे शेजारी ठेवलेत. माझा आक्षेप एवढ्यालाच होता, आणि आहे. जिथे मॉडेलचं नाव नाही, तिथे बाजारात मिळणारा सगळ्यात हलका माल धरून बेरीज करायची. दुकानदाराला चांगला माल घातल्याचा अभिमान असेल तर तो नाव लिहितोच.

हे किती महाग पडू शकतं ते एसएमपीएसवर दिसतं. मध्यंतरी शेजाऱ्यांच्या मुलीसाठी ठाण्याच्या नौपाड्यात एक पीसी बघायला गेलो होतो. त्यातही हाच प्रोसेसर, हेच कार्ड. बाजूचं झाकण उघडायला लावलं. एसएमपीएसच्या अंगावर मोठ्या अक्षरात ‘450’, आणि खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रांगेत 18 अँपियर. बाराला अठराने गुणा: 216 वॅट. प्रोसेसर आणि कार्डला लागणारी जवळजवळ सगळी वीज याच रांगेतून जाते. 4060 पूर्ण ताणात 115 वॅट घेतं, 12400एफ टर्बोत, म्हणजे जास्तीत जास्त वेगात, 117 वॅटपर्यंत जातो. झाले 232, आणि पंखे, एसएसडी, मदरबोर्ड अजून मोजलेच नाहीत. दुकानात डेमोला गेम दोन मिनिटं चालतो आणि काही कळत नाही. घरी तासभर खेळल्यावर मशीन अचानक रीस्टार्ट होतं, आणि सगळे विंडोजला दोष देतात. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड किंवा कार्डही घेऊन जाऊ शकतो. पावसाळ्यात लाइट सारखी जा-ये करते तिथे हा धोका मी तरी घेणार नाही.

रॅमसाठी तर झाकण उघडायचीही गरज नाही. चालू पीसीवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक दिसलं तर 16 जीबीची एकच स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आहे. डीडीआर4-3200 ची एक स्टिक सेकंदाला 25.6 जीबी डेटा देते, दोन असतील तर दुप्पट. वरच स्पीड दिसतो. स्टिक 3200 ची असूनही तिथे 2666 किंवा त्याहून कमी असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बहुधा चालू केलेलं नाही. ते फुकटात होतं, दुकानातच करून घ्या. कार्डचंही पूर्ण नाव वाचायचं. आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं कार्ड 8 जीबीवाल्यापेक्षा मुळातच कमी कोअरचं आणि हळू आहे, फरक फक्त मेमरीचा नाही.

कॅबिनेटचं एकच सांगतो: समोर बंद काच असेल तर सोडून द्या. मे महिन्यातली आपली हवा, त्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ. जाळी आणि धुऊन लावता येणारा फिल्टर हवाच.

वॉरंटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पटतं. इंटेलच्या बॉक्समधल्या प्रोसेसरला 3 वर्षं मिळतात, कार्ड आणि बोर्डलाही बहुतेक कंपन्या तेवढीच देतात. मग अख्ख्या पीसीला दुकानदार एकच वर्ष का देतो, हा प्रश्न रास्त आहे. त्यावर उपाय आहे. पक्क्या बिलावर प्रत्येक पार्टचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्यायचा आणि पार्ट्सचे खोके मागून घ्यायचे. मग दुकानाचं वर्ष संपल्यावरही कंपनीकडे जाता येतं. नंबर लिहायला जो तयार नाही, त्याच्या 72,000 मधून मी मनात आधीच काही हजार वजा करतो.

पण ‘यूट्यूब बघून कोणीही दोन तासांत जोडतो’ हे तुमचं म्हणणं मान्य नाही. तुम्ही जोडाल, तुमचा मित्र जोडेल. ज्या घरात बारावीच्या मुलासाठी आईवडील पैसे साठवून पहिला पीसी घेतायत, तिथे स्क्रीन काळी पडली की दोष कोणत्या पार्टचा हे शोधणार कोण? त्यात 12400एफमध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड दुरुस्तीला गेलं की पीसीवर साधा ऑनलाइन क्लासही बघता येत नाही. जवळचं दुकान तेवढे दिवस जुनं कार्ड लावून देत असेल, तर त्यासाठी दोन हजार जास्त मोजणं मला मुळीच चूक वाटत नाही.

तेव्हा वाशीला परत गेलात तर दोन स्टिकची रॅम, नावाजलेल्या कंपनीचा 550 वॅटचा एसएमपीएस आणि बिलावर सीरियल नंबर, एवढं त्याच 72,000 मध्ये मागा. दिलं तर मी तो पीसी घेईन. नाही दिलं तर लॅमिंग्टन रोडचं कोटेशन आजच्या भावाने, जीएसटी धरून नव्याने मागवा आणि इथे टाका. फोटोत एसएमपीएस आणि रॅमची मॉडेल नावं दिसू द्या, मी ओळीनुसार बघून सांगतो.