“कागद-पेन आहे की!” म्हणणाऱ्यांना

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सांकेतिक भाषा शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी, असा एक मजकूर बराच फिरतोय. कर्णबधिर रुग्ण लिहून सांगू शकतो, ओठ वाचू शकतो, सोबत नातेवाईक असतातच, आणि थोड्या तासांत भाषा काही येत नाही, असा त्याचा युक्तिवाद.

आधी कागद-पेन. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा हातांची असते. लिहिली जाणारी भाषा त्यांच्यासाठी दुसरी. हे नुसते हातवारे नव्हेत, खुणांना स्वतःची रचना असते, हे भाषाअभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकी सांकेतिक भाषेबाबत 1960 मध्येच मांडलं. शिवाय छातीत कळ आलेला माणूस लिहीत बसणार का? आणि सलाईन उजव्या हाताला असेल तर? खुणा करणाऱ्याचीही तीच अडचण. म्हणून मुख्य हात कोणता ते विचारून, जमेल तर सुई दुसऱ्या हाताला लावायची. ही भाषा शिकलेल्या नर्सला हे चटकन सुचतं.

ओठवाचनाचं थोडक्यात: प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. मास्क चढवला की उरलंसुरलंही गेलं.

नातेवाइकांचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. घरात मारहाण होत असेल, तर मारणाऱ्याच्याच तोंडून ते कळणार? लैंगिक आजाराची माहिती सासूमार्फत घ्यायची? आईच्या गाठीचं निदान शाळकरी पोराने तिला सांगायचं? नातेवाईक गाळून सांगतात, कधी प्रेमापोटीसुद्धा.

राहिला शेवटचा आक्षेप. तो अर्धा खरा आहे. छोट्या अभ्यासक्रमाने कोणी दुभाषी होत नाही. शस्त्रक्रियेची संमती किंवा गंभीर निदान यांसाठी प्रशिक्षित दुभाषीच हवा. पण दुभाषी येईपर्यंतची रात्र नर्सच काढते. कुठे दुखतंय, मळमळतंय का, लघवी झाली का, कशाची ॲलर्जी आहे, एवढं विचारता आलं तरी पुष्कळ. रुग्णाने मान डोलावली म्हणजे त्याला समजलं असं नाही, आणि आपली भाषा कुठे तोकडी पडते, हेही शिकतानाच कळतं. अट एवढीच की शिकवणारे शक्यतो स्वतः कर्णबधिर असावेत, आणि भाषा त्याच भागातली असावी. ब्रिटिश आणि अमेरिकी सांकेतिक भाषासुद्धा एकमेकींहून अगदी वेगळ्या आहेत.