सगळंच अर्जंट

"काही नाही हो, साधं बिलिंग सॉफ्टवेअर हवंय." हे वाक्य कानावर पडलं की मी दोनशे पानी वही विकत घेतो.

किराणा मालाच्या होलसेल दुकानात शेठना 'काय काय हवंय?' असं विचारू नये. उत्तर 'सगळं' असतं. त्यापेक्षा मागच्या महिन्याची वीसेक बिलं मागावीत. रद्द झालेली, खाडाखोडीची आणि माल परत आलेली आधी. साखर पोत्याने येते, किलोने जाते. म्हणजे एका मालाला दोन युनिटं आणि त्यांचा हिशेब जुळवणारा आकडा लागणार. हे मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही, कारण दिवाणजींच्या मते "ते तर असतंच ना!" हे 'असतंच ना' नेमकं शेवटच्या आठवड्यात उगवतं. तोवर डेटाबेस बांधून झालेला असतो.

बिल नंबरात शेठना दुकानाचं नाव, कुलदैवत आणि साल, तिन्ही हवं असतं. जीएसटीचा नियम ४६ म्हणतो, १६ अक्षरांच्या पुढे जायचं नाही. आता कात्री कुणाला लावायची, दुकानाला की दैवताला? शिवाय झालेलं बिल पुसायचं बटण सगळ्यांनाच हवं. त्याऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम वजा करणारा वेगळा कागद, काढा म्हटलं की चेहरे उतरतात.

मग प्राधान्यक्रम. ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीतल्या डाय क्लेग यांनी १९९४ साली 'मॉस्को' पद्धत (Must, Should, Could, Won't) काढली: हवंच, हवं, जमलं तर, आणि या खेपेला नाही. 'हवंच'वर एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, असा संकेत. प्रत्यक्षात चाळीस मागण्यांपैकी एकोणचाळीस 'हवंच'मध्ये जाऊन बसतात. चाळिसावी अकाउंटंटची असते, आणि तो रजेवर असतो.

दुसरा उपाय शेंगदाण्यांचा. शंभर दाणे द्यायचे आणि मागण्यांवर वाटायला सांगायचे. होलसेलवाल्यापुढे हा प्रयोग करू नये. "शंभरच का?" म्हणत शेठ गोदामातून पोतं मागवतात.

त्यातल्या त्यात चिठ्ठ्या चालतात, एका मागणीची एक. एका वेळी दोनच समोर ठेवायच्या आणि विचारायचं, "सोमवारी शटर उघडायला यातलं कुठलं लागेल?" कुरकुरत का होईना, एक चिठ्ठी मागे सरकते. संध्याकाळपर्यंत अकरा उरतात. शेठ सही करतात, चहा येतो.

तेवढ्यात रजेवरचा अकाउंटंट फोन करतो, "जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नसाठी मालाच्या एचएसएन कोडवार गोषवारा घेतलाय ना?"

"ते तर असतंच ना," दिवाणजी म्हणतात.